एकोणतिसाव्या वर्षीचा विद्यार्थी

उचगावचे साहित्य संमेलन आटोपले होते. मांडवातल्या खुर्च्या गोळा होत होत्या, चहाच्या पिंपातला शेवटचा चहा वाटला जात होता. तेवढ्यात एक गृहस्थ माझ्याजवळ येऊन उभे राहिले. वय छत्तीस-सदतीस असेल. उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत कामाला. जरा घुटमळून म्हणाले, "सर, मी वकिली शिकूया म्हणतोय. बी.ए. कधीच झालंय. पण आता वय झालं की हो. दोन पोरं शाळेत आहेत. फीचं कसंबसं जमवीन, पण तीन वर्षं घर कसं चालवायचं?"

मी मास्तर माणूस. उपदेश जिभेवर तयारच असतो. म्हटले, "अहो, बाबासाहेबांनी नाही का केलं? तेही संसार मांडल्यावरच बॅरिस्टर झाले."

"त्यांना महाराजांनी पैसे दिले न्हवं?" गृहस्थ म्हणाले आणि उचगाव फाट्याकडे जाणाऱ्या कुणाच्या तरी गाडीवर बसून निघून गेले.

या प्रश्नाने माझी पंचाईत केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर किती शिकले, हे आपण सगळेच सांगतो. पदव्यांची यादी शाळेतल्या पोरालाही पाठ असते. पण त्या शिक्षणाचे पैसे कुठून आले, किती पुरले आणि कुठे संपले, हा हिशेब सलग मांडून कुणी सांगत नाही. घरी आल्यावर मी चरित्रे पुन्हा काढली, या वेळी हातात पेन्सिल घेऊन, केवळ पैशांसाठी.

महाराजांनी पैसे दिले ही गोष्ट खरी आहे, पण महाराज दोन होते आणि त्यांच्या पैशांची जातही वेगवेगळी होती. पहिले बडोद्याचे सयाजीराव गायकवाड. १९१३ साली वडील वारल्यानंतर काही महिन्यांतच भीमराव अमेरिकेला गेले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षांची आणि बदल्यात करार असा की परत आल्यावर दहा वर्षे संस्थानात नोकरी करायची. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून ते १९१६ साली लंडनला आले. तिथे त्यांनी ग्रेज इनमध्ये कायद्यासाठी आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी नाव घातले. इतक्यात शिष्यवृत्ती संपली आणि १९१७ साली दोन्ही अभ्यास अर्ध्यावर टाकून परत यावे लागले. विद्यापीठाने एवढी सवलत दिली की चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करता येईल.

पुढची हकीकत वाचकांना ठाऊक आहे, म्हणून आटोपती घेतो. पुस्तकांचे सामान वेगळ्या बोटीने पाठवले होते, ती बोट महायुद्धात बुडाली. त्याची नुकसानभरपाई म्हणून थॉमस कुक कंपनीने ६०० रुपये दिले. करार पाळण्यासाठी बडोद्याला जायचे तर गाडीभाडे हवे, ते या बुडालेल्या पुस्तकांच्या पैशांतून निघाले! बडोद्यात राहायला जागा मिळेना, कचेरीतले शिपाई कागद लांबून टाकीत, पारशी धर्मशाळेतून लोकांनी काठ्या घेऊन बाहेर काढले. नोकरी सुटली. करार मात्र सुटला नाही. शिष्यवृत्तीच्या खर्चाची परतफेड हा प्रश्न पुढे कित्येक वर्षे मानेवर राहिला.

इथून आपल्या गृहस्थांची आणि त्यांची वाट जवळजवळ येते. मुंबईत परळच्या बी.आय.टी. चाळीतल्या दोन खोल्या, पत्नी रमाबाई, मुलगा यशवंत आणि मोठ्या कुटुंबाचा बोजा. भीमरावांनी शिकवण्या धरल्या. शेअरबाजारातल्या लोकांना सल्ला देण्याची कचेरी काढली. सल्लागार कोणत्या जातीचा हे कळल्यावर गिऱ्हाईक फिरकेनासे झाले आणि ती बंद पडली. नोव्हेंबर १९१८मध्ये सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची तात्पुरती जागा मिळाली. पगार ४५० रुपये. त्या काळी हा पगार चैनीत राहण्याजोगा होता. विद्यार्थी व्याख्यानांवर खूश होते. काही सहकाऱ्यांना मात्र त्यांनी सगळ्यांच्या माठातले पाणी पिऊ नये असे वाटे.

सिडनहॅमच्या या सव्वा वर्षाकडे आपण नीट पाहिलेले नाही, असे मला वाटते. ४५० रुपये मिळवणारा माणूस चाळीतल्या त्याच दोन खोल्यांत राहिला. रमाबाईंच्या हाती घरखर्चाची ठरावीक रक्कम पडे, उरलेले पैसे लंडनसाठी बाजूला जात. म्हणजे ज्या दिवसांत घरात चार पैसे येत होते, त्याही दिवसांत घर गरीबच राहिले. आजच्या भाषेत आपण याला बचत म्हणू. रमाबाईंच्या बाजूने पाहिले तर नवऱ्याच्या दुसऱ्या शिक्षणाची फी त्या चुलीपाशी आधीच भरत होत्या. त्यांच्या नावाची पावती कुठल्याही कॉलेजच्या दप्तरात सापडणार नाही.

मार्च १९२०मध्ये प्राध्यापकी सोडली. त्याच महिन्याच्या २१ आणि २२ तारखेला माणगावची परिषद भरली. हे माणगाव तेव्हाच्या कागल जहागिरीतले, म्हणजे निपाणीकरांना परके नाही. परिषदेला राजर्षी शाहू छत्रपती स्वतः आले. 'मूकनायक' त्याच वर्षी ३१ जानेवारीला निघाला होता आणि त्यालाही महाराजांनी मदत केली होती. पिकल्या वयाच्या माणसालाही नवे काम शिकवता येते, यावर महाराजांचा पक्का विश्वास असावा. १९१८ साली त्यांनी कुलकर्णी वतने बंद करून पगारी तलाठी नेमले, तेव्हा त्या कामाचे शिक्षण देण्याची सोय केली आणि त्यात अस्पृश्यांना वाव दिला. ज्यांच्या बापजाद्यांनी दप्तराला हात लावला नव्हता, त्यांना दप्तर सांभाळायला शिकवले. काहींना वकिलीच्या सनदाही दिल्या.

जुलै १९२०मध्ये बाबासाहेब लंडनला निघाले. वय एकोणतीस. गाठीला काय होते? सिडनहॅममधली स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांची काही मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले ५,००० रुपयांचे कर्ज. नवल हे पारशी. दोघांची ओळख न्यूयॉर्कला शिकत असतानाची. एका पारशी धर्मशाळेने हाकलले आणि एका पारशी मित्राने विलायतेला धाडले, हा योगायोग मला प्रत्येक वेळी थांबवतो. तेव्हा, "महाराजांनी पैसे दिले न्हवं?" या प्रश्नाचे उत्तर असे की दिले, पण मोठी रक्कम स्वतःच्या पगारातली आणि मित्राच्या कर्जाची होती.

या हिशेबाला लवकरच भोक पडले, आणि ते पडले रुपयाच्या भावामुळे. हा भाग थोडा किचकट आहे, पण वाचकांनी कंटाळू नये, कारण सगळी गंमत आणि सगळे दुःख इथेच आहे. १९२०च्या आरंभी रुपयाचा भाव दोन शिलिंगांच्याही वर गेला होता, आणि सरकारनेही दोन शिलिंग हाच दर धरायचे ठरवले. वीस शिलिंगांचा एक पौंड. म्हणजे दहा रुपयांना एक पौंड पडतो आणि ५,००० रुपयांचे ५०० पौंड होतात. पण सरकारला तो दर टिकवता आला नाही. रुपया घसरत घसरत १९२१ साली एक शिलिंग चार पेन्सच्या आसपास, मधूनमधून त्याच्याही खाली आला. आता पौंडाला पंधरा रुपये मोजायचे. तेच ५,००० रुपये, पण पौंड ३३३! कुणी चोरी केली नाही, कुणी उधळपट्टी केली नाही, तरी माणसाच्या खिशातला तिसरा हिस्सा नाहीसा झाला. परदेशी शिकणाऱ्या मुलांच्या आईबापांना आजही हा अनुभव येतो. डॉलर वर चढला की इकडे बेळगावात कुणाची तरी झोप उडते.

आणि बाबासाहेब त्या वेळी लंडनमध्ये कशावर प्रबंध लिहीत होते? रुपयाच्या प्रश्नावरच! डी.एस्सी.साठी लिहिलेला 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा त्यांचा ग्रंथ १९२३ साली लंडनला छापला गेला, त्याला प्रस्तावना प्राध्यापक एडविन कॅनन यांची. रुपयाचे मोल स्थिर राहिले नाही तर गरिबाचे काय होते, याचा विचार करणारा अर्थशास्त्रज्ञ स्वतः त्याच अस्थिर रुपयाने नाडला जात होता. ग्रंथात अर्थातच त्याची कुरकुर कुठे नाही.

कुरकुर नाही म्हणावी तर पत्रांत थोडी दिसते. सप्टेंबर १९२१मध्ये त्यांनी शाहू महाराजांना लंडनहून लिहिले की विनिमयाचा दर पडल्यामुळे अडचणीत आलो आहे, कायद्याच्या अभ्यासाची फी आणि परतीचा प्रवास यांसाठी २०० पौंड कर्जाऊ द्यावेत, परत आल्यावर व्याजासह फेडीन. राजाला लिहिलेल्या पत्रात 'व्याजासह' हा शब्द घालणारा माणूस देणगी मागत नव्हता, हे ध्यानात घ्यावे. नवल यांनाही पैशांसाठी पत्रे गेली, आणि मित्राला पुन्हा पुन्हा त्रास द्यावा लागतो याची खंत त्यांत आहे.

लंडनमधले राहणे कसे होते, हे चरित्रकारांनी लिहून ठेवले आहे. सकाळी पावाचा तुकडा आणि पेयाचा कप, मग ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दार उघडल्यापासून बंद होईपर्यंत बैठक. रात्री भूक लागली की ओळखीच्या एका माणसाने दिलेले पापड पत्र्यावर भाजून खायचे. चार पापड आणि पहाटेपर्यंत वाचन. इकडे परळला रमाबाई काय खात होत्या, हे मात्र कुणी इतक्या बारकाईने लिहिलेले नाही. पाच मुलांपैकी चार मुले या दांपत्याने लहानपणीच गमावली, एवढे ठाऊक आहे. विद्यार्थ्याच्या पापडांची नोंद राहिली, घरच्या भाकरीची राहिली नाही.

जून १९२१मध्ये एम.एस्सी. झाली. जून १९२२मध्ये ग्रेज इनने बॅरिस्टरीची सनद दिली. त्याआधीच, मे १९२२मध्ये शाहू महाराज वारले. ज्यांच्यासमोर ही सनद नेऊन ठेवायची, ते ती पाहायला राहिले नाहीत. डी.एस्सी.चा प्रबंध परीक्षकांनी काही भाग बदलायला सांगून परत केला. तो बदलण्यासाठी लंडनमध्ये थांबायला पैसे नव्हते. एप्रिल १९२३मध्ये बाबासाहेब मुंबईला आले, प्रबंधाची दुरुस्ती इथून करून पाठवली आणि त्या वर्षअखेरीस पदवी पदरात पडली.

बॅरिस्टर झाले म्हणजे सुटले, असे आपल्याला वाटते. कोर्टात उभे राहण्यासाठी मुंबईत वेगळी सनद काढावी लागे आणि तिची फी भरायलाही पैसे नव्हते. पुन्हा नवल भथेनाच धावून आले. सनद मिळाली तर कामे मिळेनात. पक्षकार पाठवणारे सॉलिसिटर वरच्या जातींचे किंवा गोरे, ते या वकिलाकडे कशाला येतील? जून १९२५पासून १९२८पर्यंत त्यांनी बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सीच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवून घरखर्चाला हातभार लावला. अमेरिका आणि इंग्लंड इथल्या पदव्या घेतलेला माणूस शिकवणी करून वकिली जगवत होता. नवा धंदा शिकण्याचा खर्च परीक्षा पास होण्याच्या दिवशी संपत नाही, त्यानंतरची दोन-चार वर्षेही हिशेबात धरावी लागतात. हे मला पूर्वी कधी सुचले नव्हते. आपले गृहस्थही तीनच वर्षे मोजत होते.

याच ओढाताणीच्या दिवसांत, एप्रिल १९२५मध्ये, ते आपल्या निपाणीला आले. मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषदेचे तिसरे अधिवेशन तिथे भरले होते आणि अध्यक्ष बाबासाहेब होते. त्या परिषदेला जमलेल्या लोकांना समोरचा बॅरिस्टर कर्जात आहे हे ठाऊक असेल का, कोण जाणे. त्याच वर्षाच्या जानेवारीत सोलापूरला बहिष्कृत हितकारिणी सभेने विद्यार्थ्यांचे वसतिगृह सुरू केले होते. पुढे असेच एक वसतिगृह धारवाडलाही निघाले. आपल्या सीमाभागातल्या कन्नड आणि मराठी, दोन्ही घरांतल्या मुलांना ते तसे जवळचे. स्वतःच्या डोक्यावर कर्ज असताना दुसऱ्याच्या पोराच्या जेवणाची काळजी करणारा हा माणूस होता.

आणि १९४६ साली त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले, तेव्हा त्याचे वर्ग सकाळी भरू लागले. सकाळी वर्ग, मग नोकरी. पोटासाठी दिवसभर कचेरीत राबणाऱ्यांना शिकता यावे, ही त्यामागची योजना. घर चालवता चालवता शिकणे म्हणजे काय, हे ज्याने भोगले त्यालाच हे वेळापत्रक सुचू शकते.

आमच्या भागात कायदा शिकायचा तर पूर्वी घर सोडून लांब जावे लागे. १९३९ साली बेळगावात राजा लखमगौडा लॉ कॉलेज निघाले आणि उचगाव, हिंडलगा, सुळगा या गावांतल्या माणसाला रात्री आपल्या घरी येऊन जेवता येईल एवढ्या अंतरावर वकिली आली. लंडनचे भाडे वाचले. चुलीचा प्रश्न मात्र तिथेच आहे.

गणपतीच्या सुट्टीत ते गृहस्थ पुन्हा भेटले, मळेकरणीच्या देवळाकडे जाताना. सोबत त्यांच्या सौभाग्यवती होत्या. मी वर लिहिलेला हिशेब त्यांना सांगितला, रुपयाचा भाव आणि पापड सगळे. गृहस्थ ऐकत होते, पण प्रश्न विचारला तो वहिनींनी.

"शिकून झाल्यावर त्या सनदेला वेगळे पैसे लागतात म्हणालात, ते किती हो भरावे लागतात?"

मला सांगता आले नाही. बेळगावच्या कोर्टात माझा एक जुना विद्यार्थी आहे, त्याला विचारून कळवतो म्हटले. वहिनींनी पिशवीतून पेन काढून हातातल्या बिलाच्या पाठीवर काहीतरी लिहून घेतले.