जनसंपर्क व्यवसायातील यश
या व्यवसायात नोकरी लेखनकौशल्यावर मिळते. नाव मात्र खरेपणावर टिकते. अमेरिकेतील जनसंपर्क सल्लागार आयव्ही ली (१८७७–१९३४) मूळचे वृत्तपत्राचे बातमीदार, त्यामुळे बातमीदाराला काय हवे असते हे त्यांना नेमके ठाऊक होते. १९०६ मध्ये पेनसिल्व्हेनिया रेल्वेचा अपघात झाला, तेव्हा माहिती दडपण्याची जुनी रीत मोडून त्यांनी पत्रकारांना थेट घटनास्थळी नेले. हे साधले, कारण रेल्वेचे व्यवस्थापन त्यांचे ऐकत होते. निर्णय घेणाऱ्यांपर्यंत पोच नसेल, तर उत्तम प्रसिद्धिपत्रकही वाया जाते. कोणासाठी काम करायचे, याचा विवेक तर सर्वांत निर्णायक. नाझी राजवटीतील आय. जी. फार्बेन या जर्मन रसायन कंपनीला सल्ला दिल्याबद्दल १९३४ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीने लींची चौकशी केली. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले.