अखेरचें बंदर

माणसाप्रमाणें बोटीच्या आयुष्यालाहि तारुण्य आणि वार्धक्य असतें. फरक इतकाच कीं, माणूस म्हातारा झाला हें त्याच्या देहावरून कळतें, आणि बोट म्हातारी झाली हें पुष्कळदां मालकाच्या खतावणीवरून ठरतें. तिचें पोलाद शाबूत असतें, यंत्रें फिरत असतात, दिवाणखान्यांतील दिवे पूर्वींसारखेच लखलखत असतात. पण तेल महागतें, नवे कायदे होतात, शेजारच्या धक्क्याला अधिक मोठी बोट येऊन उभी राहते, आणि एके दिवशीं कचेरींतील हिशेबनीस तोट्याच्या रकमेखालीं रेघ ओढतो. त्या रेघेबरोबर बोटीचा संसार आटोपतो. ज्यांनीं तिच्यावर लग्नानंतरचे पहिले दिवस घालविले, ज्यांनीं तिच्या कठड्याशीं उभें राहून मायभूमीचा किनारा दृष्टीआड होतांना पाहिला, त्यांच्या आठवणींकरितां त्या खतावणींत रकाना नसतो.

हा प्रकार आजचा नव्हे. ‘टायटॅनिक’ची थोरली बहीण ‘ऑलिंपिक’ १९११ सालीं समुद्रावर आली आणि १९३५ सालीं निवृत्त झाली. तिच्या सामानाचा लिलांव झाला, तेव्हां तिच्या दिवाणखान्याचे नक्षीदार लांकडी तक्ते इंग्लंडांतील ॲल्निक गांवच्या एका हॉटेलानें घेतले. तेथें ते आजहि पाहावयास मिळतात. बोट मोडण्यासाठीं जॅरो या गांवीं नेण्यांत आली. जॅरोची गोदी बंद पडून गांवांत बेकारी माजलेली होती, म्हणून तेथील मजुरांस कांहीं दिवस तरी काम मिळावें या हेतूनेंच ती तेथें नेली गेली. ज्या देशाचें निशाण तिनें मिरविलें, त्याच देशाच्या कामगारांनीं तिचे अंत्यसंस्कार केले, आणि तिच्या देहानें मरतां मरतां त्यांच्या चुली पेटविल्या. या गोष्टींत एक प्रकारचें औचित्य आहे. पुढच्या काळांतील बोटींच्या नशिबीं तें राहिलें नाहीं. त्यांपैकीं एकीची, ‘फ्रान्स’ नामक बोटीची, हकीकत येथें सांगावयाची आहे.

ता. ११ मे १९६० रोजीं सां-नाझेर येथील गोदींत राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्या समक्ष त्यांच्या पत्नीच्या हस्तें ही बोट पाण्यांत सोडण्यांत आली. तिची लांबी १,०३५ फूट होती. इतकी लांब उतारूंची बोट तोंवर जगांत झालेली नव्हती, आणि पुढें चाळीस वर्षें झाली नाहीं. धूर उतारूंच्या अंगावर न येतां दोन्ही बाजूंना निघून जावा म्हणून तिच्या दोन्ही धुराड्यांना पंख बसविलेले होते. त्या पंखांवरून ती कोसावरून ओळखूं येई. ३ फेब्रुवारी १९६२ रोजीं ल हाव्र बंदरांतून ती न्यूयॉर्कच्या पहिल्या सफरीस निघाली. त्याच वर्षीं डिसेंबरांत ‘मोनालिसा’चें जगद्विख्यात चित्र अमेरिकेस न्यावयाचें ठरलें, तेव्हां फ्रेंच सरकारनें तें याच बोटीच्या स्वाधीन केलें. तिच्या पहिल्या वर्गाच्या भोजनगृहांत एका जिन्यावरून उतरून यावें लागे, आणि उतरणाऱ्या प्रत्येकाकडे सर्व मेजांवरील माना क्षणभर वळत. एरव्हीं ज्यांच्याकडे कोणी ढुंकूनहि पाहत नसे, अशांनाहि त्या चार पायऱ्यांवर आपण कोणी तरी आहों असें वाटून जाई. उतारूंचें तिच्यावरील प्रेम अशाच लहानसहान गोष्टींतून वाढलें.

तिच्या बांधणींतील एक गोष्ट मात्र उतारूंच्या दृष्टीस पडत नसे. ‘नॉर्मंडी’ ही फ्रान्सची सर्वांत देखणी बोट १९४२ सालीं न्यूयॉर्क बंदरांत आगीच्या भक्ष्यस्थानीं पडली होती. तो चटका बसल्यामुळें नवी बोट अशी बांधावी कीं तिला आग शिवूंच नये, असा बांधणारांचा निश्चय होता. लांकूड जवळजवळ वर्ज्य झालें; सामानसुमान ॲल्युमिनियमचें आणि न जळणाऱ्या कापडाचें झालें; आणि भिंती, नळ व यंत्रघरें यांच्या भोंवतीं ॲस्बेस्टॉसचें वेष्टन चढविण्यांत आलें. या पदार्थाचे सूक्ष्म तंतु छातींत गेले असतां कित्येक वर्षांनीं प्राणघातक रोग होतो, हें लक्षांत घेऊन वागण्याचे दिवस अजून यावयाचे होते. उतारूंनीं निर्धास्तपणें झोंपावें म्हणून जें वेष्टन घातलें, त्याची किंमत पुढें दुसऱ्याच कोणाला तरी द्यावी लागणार होती.

खरें पाहतां ही बोट जन्मतःच उशिरा आलेली होती. १९५८ सालीं जेट विमानें अटलांटिकवरून नियमितपणें जाऊं येऊं लागलीं. पांच दिवसांच्या प्रवासाचे सातआठ तास झाले, आणि ज्यांना निव्वळ पलीकडे पोंचावयाचें होतें त्यांनीं बोटीकडे पाठ फिरविली. ‘फ्रान्स’चा तोटा सरकारी मदतीवर भरून निघे. १९७३ च्या अखेरीस खनिज तेलाचे भाव कडाडले, आणि १९७४ सालीं सरकारनें मदतीचा हात आंखडता घेतला. सप्टेंबरांत न्यूयॉर्कहून परततांना ल हाव्रच्या तोंडाशींच खलाशांनीं बोटीचा ताबा घेतला आणि बंदराची वाट अडवून नांगर टाकला. उतारूंना दुसऱ्या बोटीनें किनाऱ्यावर पोंचविण्यांत आलें. खलाशांचें बंड सुमारें महिनाभर चाललें. पण ज्या खतावणीविरुद्ध तें होतें, ती कांहीं बदलली नाहीं. अखेर बोट ल हाव्रच्या एका दूरच्या धक्क्याला बांधून ठेवण्यांत आली. लोक त्या जागेला ‘विस्मृतीचा धक्का’ म्हणूं लागले. नांव विस्मृतीचें असलें तरी विसरलें मात्र कोणी नाहीं. १९७५ सालीं मिशेल सार्दू या गायकानें त्या टाकून दिलेल्या बोटीच्याच मुखानें गाइलेलें गीत फ्रान्समध्यें घरोघर पोंचलें.

परंतु बोटीचें नशीब अद्याप संपलें नव्हतें. १९७९ सालीं नॉर्वेच्या क्लॉस्टर घराण्याच्या कंपनीनें ती १ कोटी ८० लक्ष डॉलरांस विकत घेतली. प्रवास पोंचण्यासाठीं न करतां केवळ प्रवासाच्या सुखासाठीं करावा, ही कल्पना त्या वेळीं रुजूं लागलेली होती. आणि अशा सफरीस वेगाची गरज नसते. तेव्हां जर्मनींतील ब्रेमरहाफेन येथें तिचें पुढचें यंत्रघर बंद करण्यांत आलें, चार पंख्यांपैकीं दोन काढण्यांत आले, आणि अटलांटिक जिंकण्यासाठीं जन्मलेली ही बोट १९८० पासून ‘नॉर्वे’ या नांवानें मायामीहून कॅरिबियन बेटांकडे संथपणें जाऊं येऊं लागली. तिचा तळ इतका खोल होता कीं बेटांच्या लहान बंदरांत तिला शिरतां येत नसे. म्हणून उतारूंना किनाऱ्यावर नेण्यासाठीं दोन मोठ्या नावा ती आपल्या अंगावरच वागवी. अशा रीतीनें तिनें वीस वर्षांहून अधिक काळ दुसरा संसार केला. पहिल्या संसारांत श्रीमंतांनीं तिला पाहिलें होतें. दुसऱ्यांत वर्षभर पैसे साठवून आठ दिवसांची सुटी काढणाऱ्या साध्या कुटुंबांनीं पाहिलें. १९९६ सालीं ती पुन्हां एकदां ल हाव्रला आली, तेव्हां माहेरवाशिणीला पाहावयास जमावें तसा गांव धक्क्यावर लोटला.

ता. २५ मे २००३ रोजीं सकाळीं ती मायामीच्या धक्क्याला लागून थोडाच वेळ झाला असतां तिच्या यंत्रघरांतील एक बॉयलर फुटला. उतारूंपैकीं कोणास इजा झाली नाहीं; खालीं काम करणारे आठ जण मात्र भाजून मृत्युमुखीं पडले. त्यांतील बहुतेक फिलिपाइन्स बेटांतून पोटासाठीं आलेले होते. बॉयलर चालविण्यांत, त्याची निगा राखण्यांत व तपासणी करण्यांत उणिवा राहिल्या होत्या, असा अमेरिकन सरकारच्या तपास मंडळानें निष्कर्ष काढला. बोटीची सुंदर छायाचित्रें जपून ठेवणारांच्या संग्रहांत यंत्रघराचें चित्र क्वचितच आढळतें. पण ती बोट चालली ती दिवाणखान्याच्या बळावर नव्हे. त्या तळघरांतील उष्म्यांत उभ्या राहणाऱ्या माणसांच्या बळावर ती चालली, आणि तिच्या वार्धक्याचा पहिला आघात त्यांनींच सोसला.

यापुढें तिचा प्रवास दोरखंडानें ओढला जाऊन झाला. ब्रेमरहाफेनहून मलेशिया, आणि २००६ सालीं ‘ब्लू लेडी’ या तिसऱ्या नांवानें आपल्या गुजराथचा किनारा. त्याच वर्षीं फेब्रुवारींत ‘क्लेमांसो’ ही फ्रेंच आरमाराची जुनी विमानवाहू नौका मोडण्यासाठीं हिंदुस्थानाकडे येत असतां, तिच्या पोटांतील ॲस्बेस्टॉसवरून गहजब झाल्यामुळें, राष्ट्राध्यक्ष शिराक यांनीं ती अर्ध्या वाटेवरून माघारी बोलाविली होती. ‘फ्रान्स’ला माघारी बोलावणारें मात्र आतां कोणी उरलें नव्हतें, कारण नांव बदललें, निशाण बदललें आणि मालकहि बदलले होते. तिच्या अंगावर १,२०० टनांहून अधिक ॲस्बेस्टॉस असावा असा अंदाज होता. प्रकरण आपल्या सर्वोच्च न्यायालयांत गेलें. त्याचा निकाल लागण्यापूर्वींच, १५ ऑगस्ट २००६ रोजीं, ती अलंगच्या वाळूंत आणून लावण्यांत आली. आणि ११ सप्टेंबर २००७ रोजीं न्यायालयानें ती मोडण्यास परवानगी दिली.

अलंग हें भावनगर जिल्ह्यांतील खंबायतच्या आखातावरचें गांव. तेथें समुद्राची भरती विलक्षण मोठी येते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला बोट किनाऱ्यावर चढवावयाची, आणि ओहोटीनें पाणी दूर गेलें कीं चिखलांत रुतलेल्या त्या पर्वताला माणसांनीं भिडावयाचें, अशी १९८३ पासून तेथील रीत आहे. हीं माणसें उत्तर प्रदेश, बिहार, ओरिसा अशा दूरच्या प्रांतांतून आलेलीं. सां-नाझेरच्या कारागिरांनीं जें पोलाद जोडलें, तें यांनीं गॅसकटरनें तोडलें; उतारूंच्या सुखनिद्रेसाठीं जें वेष्टन चढविलें, तें यांच्या हातांनीं उतरलें. यांतील बहुतेकांनीं जन्मांत कधीं बोटीचा प्रवास केलेला नसतो. तरी बोटीचा प्रत्येक कोपरा, प्रत्येक खिळा जर कोणी पाहिला असेल तर तो यांनींच.

मोडण्यापूर्वीं तिचें पुढचें अणकुचीदार टोंक, ज्याला आपले कोळी नाळ म्हणतात, तेवढें कापून बाजूला काढलें होतें. २००९ सालीं पॅरिस येथें त्याचा लिलांव होऊन तें सुमारें पावणेतीन लक्ष यूरोंस विकलें गेलें, आणि २०१८ सालीं पुन्हां ल हाव्रच्या बंदरांत उभें करण्यांत आलें. इतर बोटींचें किरकोळ सामान अलंगच्या रस्त्याकडेच्या दुकानांत विकत मिळतें. तेथें खुर्च्या, बशा, आरसे, गाद्या आणि बुडत्याला तारणारे पट्टेहि मांडलेले असतात. या रांगेंत आपल्या ओळखीचीहि एक बोट जाऊन बसली. १९९० सालीं इटलींत बांधलेली आणि २०१९ पासून ‘कर्णिका’ या नांवानें मुंबईहून सफरी करणारी बोट २०२० च्या महामारींत थांबली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस अलंगला गेली. तिच्यावर आईवडिलांना घेऊन गेलेल्या मुंबईच्या कुटुंबांना आपल्या आनंदाचें स्थान इतक्या जवळच्या किनाऱ्यावर नाहींसें झालें, हें कदाचित् ठाऊकहि नसेल.

आठवणी जपणें हा कांहीं अपराध नव्हे. उलट, ज्या वस्तूवर हजारों माणसांनीं प्रेम केलें तिच्या जाण्यानें ज्याला कांहींच वाटत नाहीं, तो मनुष्य आम्हांस थोडा दरिद्रीच वाटतो. परंतु स्मृति ही निवड करणारी आहे. तिला जिना आठवतो, बॉयलर आठवत नाहीं. ल हाव्रचा धक्का आठवतो, अलंगचा चिखल आठवत नाहीं. म्हणून तिला थोडा धाक घालावा लागतो, आणि तो कायद्याच्या रूपानें उशिरा कां होईना आला आहे. आपल्या देशानें २०१९ सालीं जहाजें मोडण्याविषयीं स्वतंत्र कायदा केला. हाँगकाँग येथें २००९ सालीं ठरलेला राष्ट्राराष्ट्रांचा करार २६ जून २०२५ पासून अमलांत आला. कोणत्या बोटीच्या पोटांत कोणतें विष आहे याची यादी बोटीबरोबर असलीच पाहिजे, असें त्यांत आहे. बोटीच्या खतावणींत इतकीं वर्षें नसलेला एक रकाना त्यामुळें उघडला गेला. तो उतारूंच्या आठवणींसाठीं नाहीं. तिला मोडणाऱ्या मजुरांच्या जिवासाठीं आहे, आणि त्याची निकड अधिक होती.

ल हाव्रच्या किनाऱ्यावर तें कापलेलें टोंक आजहि समुद्राकडे तोंड करून उभें आहे, आणि जुने उतारू त्याच्याशेजारीं उभे राहून छायाचित्रें काढून घेतात. त्यांनीं तीं अवश्य घ्यावींत. अलंगच्या वाळूवर मात्र त्या बोटीची खूण कांहीं उरलेली नाहीं. दिवसांतून दोनदां भरती येते आणि किनारा धुऊन जाते. तेथें कोणाचें छायाचित्र घ्यावयाचें झालें, तर तें गॅसकटर हातांत धरलेल्या माणसाचेंच घ्यावें लागेल.