वर्णाचे नाव न घेता बांधलेली वेस

शेतजमीन ‘ग्रीन झोन’मधून ‘येलो झोन’मध्ये गेली अशी बातमी आली की आपल्याकडे दोनच प्रश्न विचारले जातात. भाव किती वाढला, आणि मधल्या मध्ये पैसे कोणी खाल्ले? त्या जमिनीवर पिढ्यानपिढ्या राबलेली, पण सातबाऱ्यावर नाव नसलेली माणसे आता कुठे राहणार, हा तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात माउंट लॉरेल नावाच्या एका शेतीप्रधान टाउनशिपमध्ये हा प्रश्न काळ्या समाजातील एका बाईने विचारला आणि थेट राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात नेला. (तिथे टाउनशिप म्हणजे आपल्याकडच्या नगरपालिकेसारखी स्थानिक संस्था. बिल्डरच्या जाहिरातीतली टाउनशिप नव्हे.) आंबेडकरी चळवळीतील तरुणांनी हा लढा नीट समजून घ्यावा असे आम्हाला वाटते, कारण तिथे जे घडले त्यात कुठल्याही कागदावर ‘काळा’ हा शब्द नव्हता.

तो शब्द आधी होता. १९१० साली बाल्टिमोर शहराने उघडपणे कायदा केला की गोऱ्यांच्या गल्लीत काळ्यांनी राहायचे नाही आणि काळ्यांच्या गल्लीत गोऱ्यांनी राहायचे नाही. लुईव्हिल शहरानेही तोच कित्ता गिरवला. १९१७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लुईव्हिलचा कायदा रद्द केला. मात्र हा निकाल वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. न्यायालयाला खटकला तो मुख्यतः मालकाच्या मालमत्ता विकण्याच्या हक्कावर आलेला घाला. काळ्या माणसाची समता तिथे दुय्यम होती.

मग वेस बांधायची कशी? उत्तर तयार होते. माणसाचा वर्ण लिहायचा नाही, प्लॉटचा आकार लिहायचा. बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठातील शिक्षण आटोपून न्यूयॉर्कमधून निघाले त्याच १९१६ साली त्या शहराने संपूर्ण शहराला लागू होणारा पहिला झोनिंग कायदा केला. दहा वर्षांनी, १९२६ मध्ये, ओहायो राज्यातील युक्लिड या गावाचा खटला सर्वोच्च न्यायालयात आला. ६८ एकर मोकळ्या जमिनीचा तो वाद होता. न्यायालयाने झोनिंगला मान्यता दिली आणि निकालपत्रात एकेकट्या घरांच्या वस्तीत शिरणाऱ्या अपार्टमेंटची तुलना बांडगुळाशी केली. बांडगूळ इमारतीला म्हटले आहे, हे खरे. पण अपार्टमेंटमध्ये भाड्याने कोण राहत होते हे त्या काळच्या अमेरिकेत कोणाला सांगावे लागत नव्हते. गंमत म्हणजे खालच्या न्यायालयाच्या न्यायाधीशाने १९२४ मध्येच स्पष्ट लिहून ठेवले होते की अशा नियमांचा शेवटचा परिणाम म्हणजे लोकांची मिळकतीनुसार वर्गवारी करून त्यांना वेगवेगळे ठेवणे. वरच्या न्यायालयाने ते मनावर घेतले नाही.

आता माउंट लॉरेलकडे येऊ. क्षेत्रफळ २२ चौरस मैल, म्हणजे सुमारे १४,००० एकर. कॅमडेन शहरापासून सात मैल, फिलाडेल्फियाला जाणाऱ्या पुलापासून दहा मैलांच्या आत. १९५० साली लोकसंख्या अवघी २,८१७ होती. सगळा शेतीचा मुलूख. गुलामगिरीतून सुटून उत्तरेकडे आलेल्या काळ्या लोकांनी क्वेकर पंथीयांच्या आधाराने या भागात वस्ती केली होती. त्यांची पुढची पिढी दुसऱ्याच्या शेतावर राबली आणि तिथेच पडक्या घरांत राहिली. स्प्रिंगव्हिल भागात तर कोंबड्यांची खुराडी डागडुजी करून त्यांत माणसे राहत होती.

१९५० नंतर महामार्ग आले, शहरातले गोरे मध्यमवर्गीय बाहेर पडू लागले आणि शेताचे प्लॉट होऊ लागले. १९७० पर्यंत लोकसंख्या ११,२२१ झाली. १९६४ च्या झोनिंग नियमांनी ठरवून टाकले की निवासी विभागात एका प्लॉटवर एकच सुटे घर. लहानात लहान प्लॉट ९,३७५ चौरस फूट, म्हणजे आपल्या हिशेबाने साडेआठ गुंठ्यांच्या आसपास. एका मोठ्या विभागात तर किमान अर्धा एकर. जोडघरे नाहीत, अपार्टमेंट नाहीत. अपार्टमेंटला एकच सवलत होती, आणि ती वाचून आम्ही क्षणभर थबकलो. शेतावर, शेतमजुरांसाठी ती चालत होती! म्हणजे राबायचे असेल तोवर मजुराचे घर चालेल, शेत गेले की घरही गेले. आपल्या गावगाड्यात महारवाड्याची जागा याच हिशेबाने ठरली होती: काम गावाचे, मुक्काम गावकुसाबाहेर.

उरलेल्या जमिनीत ४,१२१ एकर कारखान्यांसाठी राखून ठेवले होते. खटल्याच्या वेळी त्यातले जेमतेम १०० एकर वापरात होते. बाकी पडून. कारखाना कर देतो आणि त्याला शाळेत घालायची मुले नसतात. अमेरिकेत शाळेचा बराचसा खर्च घरपट्टीतून निघतो, म्हणून नगरपालिकेच्या लेखी मूल म्हणजे खर्च आणि मोठा प्लॉट म्हणजे उत्पन्न. हा हिशेब किती बारकाईने केला होता पाहा. १९६७ मध्ये नियमांत बदल करून चार मोठ्या प्रकल्पांना करारावर मंजुरी दिली गेली. मिळून किमान १०,००० घरे, त्यात अपार्टमेंटसुद्धा! पण अटी अशा: एका बेडरूमच्या घरात शाळकरी मूल राहणार नाही, दोन बेडरूमच्या घरात दोनपेक्षा जास्त मुले राहणार नाहीत, आणि दर १० फ्लॅटमागे ३ पेक्षा जास्त शाळकरी मुले निघाली तर वरच्या मुलांच्या शाळेचा खर्च बिल्डरने भरायचा. विरळ वस्तीचा नियम पवित्र वगैरे काही नव्हता. पैसेवाल्या ग्राहकासाठी तो वाकत होता.

स्प्रिंगव्हिलच्या लोकांनी मागितली होती ३६ घरे. एवढीच. दोन-तीन बेडरूमची साधी अपार्टमेंट, गरिबांना परवडतील अशी. राज्य सरकारकडून आराखड्यापुरते पैसेही मिळाले होते. त्यासाठी झोन बदलून हवा होता. एका बाजूला टाउनशिप खुराडी राहण्यास अयोग्य ठरवून रिकामी करत होती, दुसऱ्या बाजूला नवी घरे बांधायला परवानगी देत नव्हती. १९७० च्या ऑक्टोबरमध्ये एका रविवारी महापौर जेकब्ज चॅपल या काळ्यांच्या चर्चमध्ये आले आणि त्यांनी सांगून टाकले: आमच्या गावात राहणे परवडत नसेल तर तुम्हाला निघून जावे लागेल. ‘आमच्या गावात’ या शब्दांकडे लक्ष द्या. ऐकणाऱ्यांत एथेल लॉरेन्स होत्या. त्यांचे पूर्वज कित्येक पिढ्या त्याच मातीत राबले होते.

१९७१ मध्ये त्या, त्यांचे शेजारी आणि एनएएसीपीच्या स्थानिक शाखा न्यायालयात गेल्या. गरिबांना मोफत मदत देणारे तरुण वकील मिळाले. २४ मार्च १९७५ रोजी न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. न्या. फ्रेडरिक हॉल यांनी लिहिले त्याचा सारांश असा: विकसित होत असलेल्या नगरपालिकेने आपल्या परिसरातील गरीब व मध्यम उत्पन्नाच्या लोकांच्या घरांचा न्याय्य वाटा उचललाच पाहिजे, आपल्या नियमांनी त्यांची वाट अडवता येणार नाही. झोनिंगचा अधिकार राज्याने लोककल्याणासाठी दिला आहे आणि लोक म्हणजे फक्त आत राहणारे नव्हेत.

हा निकाल राज्याच्या संविधानावर उभा होता, हे कार्यकर्त्यांनी टिपून ठेवावे. कारण त्याच वर्षी वॉशिंग्टनमधील सर्वोच्च न्यायालयाने पेनफिल्ड गावाच्या खटल्यात बाहेरच्या गरिबांना दाद मागण्याचाच अधिकार नाकारला, आणि १९७७ मध्ये अर्लिंग्टन हाइट्सच्या खटल्यात सांगितले की परिणाम दाखवून भागणार नाही, भेदभावाचा हेतू सिद्ध करा. हेतू! नकाशावर हेतू कोण लिहून ठेवतो? ‘यात जात कुठे लिहिली आहे?’ हा प्रश्न आपल्यालाही पावलोपावली ऐकवला जातो. माउंट लॉरेलचा खटला जिंकला गेला, कारण तिथे हेतूऐवजी परिणाम पाहिला गेला.

टाउनशिपने निकालाला कसे उत्तर दिले? एकूण जमिनीच्या पाव टक्क्याहूनही कमी जागा तीन तुकड्यांत नव्याने झोन केली. एक तुकडा औद्योगिक जमिनीने वेढलेला, दुसरा पाणथळ. घर एकही नाही. पुन्हा खटला. २० जानेवारी १९८३ रोजी मुख्य न्यायमूर्ती रॉबर्ट विलेन्ट्झ यांनी संतापून लिहिलेल्या प्रदीर्घ निकालात नगरपालिकांना आकडे ठरवून देण्याची व्यवस्था केली आणि परवडणाऱ्या घरांचा पुरेसा हिस्सा ठेवणाऱ्या बिल्डरला न्यायालयातून परवानगी मिळवण्याची वाट मोकळी केली.

यानंतर विधिमंडळ जागे झाले. १९८५ च्या कायद्यात एक पळवाट होती. श्रीमंत उपनगराने आपल्या वाट्याच्या निम्म्यापर्यंत घरे पैसे देऊन दुसऱ्या, बहुधा गरीब आणि काळ्या वस्तीच्या शहरात बांधून घ्यायची. म्हणजे आपल्या वाट्याचे गरीब भाडे भरून दुसऱ्याच्या दारात ठेवायचे. ही सोय २००८ पर्यंत चालली.

आमची खरी तक्रार मात्र वेगळी आहे. न्यायालयाने उपाय ठरवला तो उत्पन्नावर. वर्णाचा उल्लेख त्यातून गळाला. परिणामी या धोरणातून उपनगरांत उभ्या राहिलेल्या घरांत पुष्कळ ठिकाणी आधीच उपनगरात राहणारे गोरे, त्यांचे म्हातारे आईवडील, नुकतीच नोकरी लागलेली मुले राहायला आली. शहरातून उपनगरात जाऊ शकलेली काळी कुटुंबे थोडीच. खटला एनएएसीपीने लढवला आणि लाभार्थ्यांच्या यादीतून तिचेच लोक मागे राहिले. ‘आर्थिक निकष लावा, जातीचा कशाला?’ असे सांगणारे सज्जन आपल्याकडे कमी नाहीत. त्यांच्यासमोर न्यू जर्सीचा हा अनुभव ठेवावा.

बाबासाहेबांनी घर आणि जमीन हे प्रश्न कधी सुटे पाहिले नाहीत. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात त्यांनी वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले ते महाराला वतनाच्या वेठीतून सोडवण्यासाठी. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ मध्ये त्यांनी शेती हा राज्याचा उद्योग असावा, जमीन जातपात न पाहता कसायला द्यावी असे मांडले, आणि अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींसाठी सरकारी जमिनीवर काम करणारा वसाहत आयोग मागितला. यातले काही झाले नाही. पुढे १९५८ च्या कायद्याने महार वतने खालसा झाली, जमिनी परत मिळाल्या त्या ‘नवीन शर्ती’वर, जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या. ही अट संरक्षणासाठी होती. पण शहर जवळ आले की काय होते हे आपण पाहतो. झोन बदलण्याआधी कवडीमोलाने साठेखते होतात, कुलमुखत्यारपत्रे होतात, आणि शिक्का बसल्यावर वाढलेला भाव भलत्याच्या खिशात जातो. ज्यांच्याकडे वतनही नव्हते त्या शेतमजुरांना तर नकाशात रंगच नाही.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकती व सूचना मागवाव्या लागतात. त्या मुदतीत सर्वाधिक हरकती येतात त्या जमीनमालकांच्या: माझ्या प्लॉटवर आरक्षण नको, माझे शेत निवासी करा. शेतमजुरांची वस्ती आज कुठे आहे आणि उद्याच्या नकाशात कुठे असेल, प्लॉट किती गुंठ्यांचे धरले आहेत, हे विचारणारी हरकत आपल्या वस्त्यांतून किती वेळा जाते? त्यावर वर आणखी एक वेस आहेच. झोरोस्ट्रियन सोसायटीच्या खटल्यात २००५ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सहकारी गृहनिर्माण संस्थेला सभासदत्व एका समाजापुरते ठेवण्याची मुभा दिली आहे.

एथेल लॉरेन्स १९९४ मध्ये गेल्या. त्यांच्या हयातीत माउंट लॉरेलमध्ये ती वसाहत झाली नाही. १९९७ मध्ये, संतापलेल्या रहिवाशांच्या गर्दीने भरलेल्या सुनावण्यांनंतर, नियोजन मंडळाने परवानगी दिली. गुन्हे वाढतील, घरांचे भाव पडतील, कर वाढेल, हेच आक्षेप. २००० साली पहिली कुटुंबे राहायला आली. पुढे घरांची संख्या १४० झाली. वसाहतीला नाव एथेल लॉरेन्स यांचेच आहे. प्रिन्स्टन विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर तिथे जाऊन तपासले. गुन्हे वाढले नव्हते, भाव पडले नव्हते, करही वाढला नव्हता. शेजारच्या वस्त्यांतील बऱ्याच लोकांना तर आपल्या बाजूला अशी वसाहत आहे हेच ठाऊक नव्हते.