लोणारचा पाषाण आणि कुकडीकाठची राख

आळे म्हटले की ज्ञानदेवांनी वेद वदविलेल्या रेड्याची समाधी आठवते, आणि शेजारच्या खोडदचे नाव निघाले की दूरच्या दीर्घिकांचे तरंग टिपणारी तीस तबकड्यांची रेडिओ दुर्बीण डोळ्यांपुढे येते. आजचा विषय इतका दूरचा नाही. सूर्याभोवती फिरताना पृथ्वीच्या वाटेवर येणारे जे लघुग्रह आहेत, त्यांपैकी एकाने आपल्याच दख्खनच्या काळ्या दगडावर खूण उमटविली. ती ओळखावयास किती काळ लागला आणि तिचे वय अजून का ठरत नाही, हे आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

ही खूण म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर. येथून ते अडीचशे किलोमीटरांहून अधिक पूर्वेस आहे. व्यास सुमारे १.८ किलोमीटर, तळाशी खारे पाणी. लोणासुर दैत्याचा विष्णूने येथे वध केला, ही तिथली पुराणकथा. १८२३ साली अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. पुढे विद्वानांनी तर्क केला तो ज्वालामुखीचा. सारे पठारच लाव्ह्याचे, तेव्हा खड्डाही त्याचाच असणार, हा तर्क सरळ होता आणि चुकीचा होता. १८९६ साली अमेरिकन भूवैज्ञानिक गिल्बर्ट यांनी ॲरिझोनातील विवराशी लोणारचे साम्य दाखविले. पण गंमत अशी की, ॲरिझोनाचे विवरही ते वाफेच्या स्फोटाचेच मानीत.

या चुकीला एक कारण होते. आघात करील असा पाषाण पृथ्वीच्या वाटेवर असतो, हेच तेव्हा कोणी पाहिले नव्हते. लघुग्रह मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यात फिरतात, एवढेच ठाऊक होते. १८९८ साली बर्लिनहून विट यांनी एरॉस शोधला, तेव्हा पृथ्वीच्या जवळ येणारा लघुग्रह प्रथम सापडला. १९३२ साली हायडेलबर्गच्या राइनमुथ यांना अपोलो दिसला. तो शुक्राच्या कक्षेच्याही आत शिरतो आणि मंगळाच्या पलीकडे जाऊन पावणेदोन वर्षांत एक फेरी पुरी करतो. म्हणजे पृथ्वीची कक्षा ओलांडतो.

हे पाषाण पट्टा सोडून इकडे येतात कसे? गुरूला एक फेरी घालावयास सुमारे बारा वर्षे लागतात. जो लघुग्रह तेवढ्यात नेमक्या तीन फेऱ्या घालतो, त्याला गुरूचा ओढा ठरावीक जागी पुन्हा पुन्हा बसतो. झोपाळ्याला वेळेवर दिलेला हलका धक्काही जसा झोका वाढवितो, तशी त्याची कक्षा लांबट होत जाते आणि शेवटी तिचे एक टोक पृथ्वीपर्यंत पोचते.

लोणारचा निर्णायक पुरावा १९७३ साली पुढे आला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने तळात खोल भोके घेतली. गाळाखाली चुरडलेला बेसॉल्ट लागला. त्यातील काही खनिज न वितळता काचेसारखे झाले होते. असा बदल घडविणारा प्रचंड दाब ज्वालामुखीत उत्पन्न होत नाही, आघातातच होतो. योगायोग असा की, १९३२ नंतर हरवलेला अपोलोही त्याच १९७३ साली पुन्हा सापडला. अलेक्झांडरच्या नोंदीपासून या निर्णयापर्यंत दीडशे वर्षे गेली.

मात्र ही घटना केव्हा घडली, हा वाद मिटला नाही. एका पद्धतीने वय सुमारे ५२ हजार वर्षे येते. २०१० साली आरगॉन पद्धतीने ते ५ लाख ७० हजार वर्षे निघाले. असाच वाद आळ्याजवळ, कुकडीकाठच्या बोरीला आहे. तेथे ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे आणि त्याच्या सान्निध्यात अश्मयुगीन हत्यारे मिळाली आहेत. ती राख सुमात्रातील टोबाची, असे बहुतेकांचे मत. पण तिचे वय कोणी १४ लाख, कोणी ६ लाख ७० हजार, तर कोणी ७५ हजार वर्षे काढले.

हा वाद केवळ आकड्यांचा नव्हे. लोणारचे मोठे वय खरे ठरले, तर हातकुऱ्हाडी घडविणाऱ्या माणसांच्या काळातच दख्खनवर तो पाषाण कोसळला असे होईल. लहान खरे ठरले, तर ते आपल्याशी बरेच जवळच्या माणसांनी पाहिले असेल. शिवाय असे आघात किती काळाने होतात, याचा अंदाज अशाच वयांवरून बांधला जातो, आणि तो आपल्या उपयोगाचा आहे. २००४ साली सापडलेला अपोफिस १३ एप्रिल २०२९ रोजी भूपृष्ठापासून सुमारे ३२ हजार किलोमीटरांवरून जाईल. नारायणगावजवळच्या आर्वीला भूकेंद्र उभारले गेले ते ज्या भूस्थिर उपग्रहांसाठी, त्यांच्याही आतून. तो आपटणार नाही; पुढील शंभर वर्षे त्याचा धोका नाही, हे २०२१ मध्ये रडारच्या निरीक्षणांवरून ठरले. पण पृथ्वीच्या ओढीने त्याची ३२४ दिवसांची फेरी वर्षाहून मोठी होईल. एका भेटीने कक्षा बदलते, म्हणूनच गणित पुन्हा पुन्हा करावे लागते.

भविष्याचे गणित आकाशात करता येते. भूतकाळाचे मात्र दगडमातीतच वाचावे लागते. लोणारचा काठ खणला गेला किंवा कुकडीकाठचा राखेचा थर नांगराखाली गेला, तर ते पान पुन्हा लिहिता येणार नाही. दीडशे वर्षे लागली ती पान समोर असून वाचता न आल्यामुळे. आता वाचता येते; तेव्हा ते जपणे हे या काठी राहणाऱ्या आपल्या सर्वांचे काम आहे.