दुबईत राहता, पासपोर्ट भारताचा. मग युरोपचा व्हिसा कुठून काढायचा?

दुबईत नोकरी करणाऱ्या भारतीयाला सुट्टीत फ्रान्सला जायचं असेल, तर व्हिसासाठी मुंबई गाठायची गरज नसते. अर्ज दुबईतूनच करायचा असतो.

व्हिसा लागेल की नाही, हे पासपोर्टवर ठरतं. अर्ज कुठे करायचा, हे मात्र तुम्ही कायदेशीररीत्या कुठे राहता यावर. या दोन गोष्टींची गल्लत हमखास होते. दुबईत वीस वर्षं काढली तरी भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतोच.

दुबईत फिरायला गेलेल्यांचं काय?

त्यांचा अर्ज सहसा घेतला जात नाही. राहत्या देशातून अर्ज का केला नाही, याचं पटण्यासारखं कारण द्यावं लागतं. मुंबईत तारीख मिळत नव्हती, एवढ्यावर भागेलच असं नाही.

अधिकारी काय बघतात?

सहल संपल्यावर तुम्ही परत जाणार का, आणि कुठे? दुबईकराच्या बाबतीत याचं उत्तर भारत नसून अमिराती असतं. म्हणून कंपनीचं पत्र, पगार जमा होणारं बँक स्टेटमेंट आणि रेसिडन्सची मुदत यांना वजन येतं. परतीच्या तारखेनंतर किमान ३ महिने रेसिडन्स वैध हवा, अशी अट अनेक वकिलाती घालतात.

खरी अडचण इथेच आहे. नोकरीवर मिळालेला रेसिडन्स नोकरी गेली की टिकत नाही, आणि अर्जाचा पायाच जातो. नोकरी बदलताय? मग नव्या कंपनीचा रेसिडन्स हातात पडेपर्यंत थांबलेलं बरं. अर्ज फेटाळला गेला तर फी परत मिळत नाही.

जून २०२४ पासून प्रौढांसाठी ही फी ९० युरो आहे. प्रवास विमा किमान ३० हजार युरोंचा लागतो. प्रवासाच्या ६ महिने आधीपासून अर्ज करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण ते ४५ पर्यंत जाऊ शकतात. त्यामुळे शेवटची तारीख पकडून चालणं धोक्याचंच.

अमेरिकेचा नियम बदलला

भारतातल्या लांबलचक वेटिंगला कंटाळून अनेक जण अमेरिकी व्हिसाची मुलाखत बँकॉक किंवा सिंगापूरला जाऊन देत. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने ही वाट जवळपास बंद केली. आता पर्यटक व्हिसाची मुलाखतही नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच द्यायची आहे. दुबईत राहणाऱ्या भारतीयाला यात दोन पर्याय उरतात.

अमेरिकेत एच-१बीवर असलेल्यांची गोष्ट वेगळी. पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत संपली, तरी तिथलं वास्तव्य कायदेशीर असू शकतं. पण युरोपची सहल करून परतायचं तर नवा व्हिसा लागतो, आणि आता त्याच्या मुलाखतीसाठी साधारणपणे भारतातच यावं लागतं.