ला होया शोअर्स

ला होया शोअर्स : अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील सॅन डिएगो शहराच्या ला होया भागातील पुळण, नवशिक्या सर्फरांचे प्रसिद्ध ठिकाण. लांबी सुमारे १.६ किमी. येथे लाटा खडकावर किंवा प्रवाळावर न फुटता वाळूच्या तळावर फुटतात. अशा जागेला सर्फर ‘बीच ब्रेक’ म्हणतात. पुळणीच्या उत्तरेस स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्था व तिचा धक्का, दक्षिणेस ला होयाचे भूशिर आणि मागे केलॉग पार्क आहे. लाटांच्या अंदाजाचे आधुनिक शास्त्र बऱ्याच अंशी याच संस्थेत आकाराला आले.

तळरचना : पुळणीचा उतार मंद आहे. लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट खोलीवर पाणी आले की लाट फुटते. तळ हळूहळू चढत असला तर तिचा माथा पुढच्या बाजूने फेसाळत सांडतो, एकदम कोसळत नाही. अशा सांडत्या लाटेवर तोल सावरायला वेळ मिळतो आणि पडल्यावर खाली वाळू असते. मात्र वाळूचे दांडे वादळांनी व प्रवाहांनी सरकत राहतात, त्यामुळे लाट फुटण्याची जागा कायम नसते. दांडा सलग असला तर लाट एका टोकाकडून सोलत न जाता सबंध रांगेत एकाच वेळी फुटते. हा प्रकार येथे नेहमी दिसतो. नवशिक्याला फेसाच्या पाण्यावर शिकायचे असल्याने त्याचे फारसे बिघडत नाही. मुरलेला सर्फर अशा वेळी दुसरा किनारा गाठतो.

किनाऱ्यालगत समुद्रतळावर दोन खोल घळया आहेत. ला होया घळईचे तोंड पुळणीच्या दक्षिण भागासमोर, तर स्क्रिप्स घळईचे तोंड धक्क्याच्या उत्तरेस आहे. पुढे समुद्रात त्या एकत्र होतात. खोल पाण्यात लाट वेगाने जाते, उथळ पाण्यात तिचा वेग मंदावतो. त्यामुळे घळईवरून येणारी लाट दोन्ही बाजूंना वळते (अपवर्तन). घळईच्या तोंडासमोर लाटा लहान राहतात व त्यांची ऊर्जा शेजारच्या पट्ट्यांत एकवटते. परिणामी पुळणीच्या दक्षिण टोकाला पाणी बरेचसे शांत असते आणि उत्तरेकडे धक्क्याच्या दिशेने लाटा वाढत जातात. स्क्रिप्स घळईच्या पलीकडील ब्लॅक्स बीच तर मोठ्या, दणकट लाटांसाठी ओळखला जातो. वॉल्टर मंक व मेल्विन ट्रेलर यांनी १९४७ मध्ये या घळयांमुळे होणाऱ्या अपवर्तनाचा अभ्यास प्रसिद्ध केला.

लाटांचा उगम व ऋतू : हिवाळ्यात उत्तर पॅसिफिकमधील वादळांमुळे पश्चिम व वायव्येकडून लाटा येतात, पुळणीचे तोंड त्याच बाजूला असल्याने त्या थेट पोहोचतात. त्यांतील काही किनाऱ्यापुढील चॅनल बेटांच्या आडोशाने अडतात. उन्हाळ्यात दक्षिण गोलार्धात हिवाळा असतो. तेव्हा न्यूझीलंडच्या आसपासच्या वादळांतून निघालेल्या लाटा दक्षिणेकडून येतात, पण ला होयाचे भूशिर त्यांना आडवे येते. दक्षिणेकडे तोंड असलेल्या किनाऱ्यांवर मोठ्या लाटांचा इशारा असताना येथे कमरेएवढेच पाणी उसळत असते, त्याचे हे कारण. सर्फिंगचे वर्ग उन्हाळ्यात येथे गजबजतात तेही याच आडोशामुळे.

वारा, भरती व तापमान : सकाळी वारा पडलेला असतो किंवा मंद मतलई वारा वाहतो. तो लाटेचा पुढचा भाग गुळगुळीत ठेवतो. दुपारकडे खारे वारे सुटले की पाणी खडबडीत होते. येथे दिवसातून दोनदा भरती येते. दोन्ही भरत्यांची उंची सारखी नसते. दिवसातील सर्वोच्च भरती व सर्वात नीच ओहोटी यांतील सरासरी फरक सुमारे १.६ मी. आहे. ऐन भरतीत लाटा काठाजवळ आदळतात, तर पूर्ण ओहोटीत त्या उथळ दांड्यावर एकदम फुटतात. म्हणून मधल्या पाण्याची वेळ शिकण्यास बरी. पाण्याचे तापमान हिवाळ्यात सुमारे १४° से.पर्यंत उतरते, उन्हाळ्यात २०° से.च्या वर जाते. धक्क्यावर १९१६ पासून रोज ही नोंद घेतली जाते. आताचा ३३२ मी. लांबीचा धक्का १९८८ मध्ये जुन्या धक्क्याच्या जागी उभा राहिला.

अंदाजशास्त्राचा इतिहास : दुसऱ्या महायुद्धात १९४२ मध्ये उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवण्याची तयारी सुरू होती. मोठ्या लाटांत सराव थांबवावा लागतो हे पाहून मंक (१९१७–२०१९) यांनी आपले गुरू व स्क्रिप्सचे संचालक हाराल्ड स्व्हेरड्रूप (१८८८–१९५७) यांच्यासह लाटांचा अंदाज बांधण्याची रीत तयार केली. वाऱ्याचा वेग, तो किती वेळ वाहिला आणि किती लांबीच्या पाण्यावरून वाहिला, या तीन गोष्टींवरून लाटेची उंची व आवर्तनकाळ काढायचा. मग दूरच्या प्रवासातील घट आणि किनाऱ्यालगतचा बदल मोजायचा, असे तिचे स्वरूप होते. स्क्रिप्समध्ये लष्करी अधिकाऱ्यांना तिचे शिक्षण दिले गेले आणि १९४४ च्या नॉर्मंडी मोहिमेत ती वापरली गेली. ‘लक्षणीय लाट-उंची’, म्हणजे सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी, हे मापही याच कामातून आले. आज भारतात हैदराबादची इन्कॉइस ही संस्था कोकणासह सर्व किनाऱ्यांसाठी सागरी अंदाज देते, त्यातही हेच माप असते.

मंक यांनी १९५० च्या दशकात मेक्सिकोच्या ग्वादालूपे बेटाजवळ घेतलेल्या मोजमापांत काही लाटांचा उगम थेट हिंदी महासागराच्या दक्षिण भागात निघाला. १९६३ मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत केंद्रे मांडून लाटांचा माग काढला. वादळाचा टापू सोडल्यावर लांब लाटांची ऊर्जा फारच थोडी घटते, असे त्यातून दिसून आले.

सध्याची पद्धती : वाऱ्याच्या अंदाजावरून जागतिक संगणकीय प्रारूपे (उदा., अमेरिकेच्या नोआ संस्थेचे वेव्हवॉच ३) खुल्या समुद्रातील लाटा काढतात. स्क्रिप्सचा सीडीआयपी हा कार्यक्रम १९७५ पासून किनारी लाटा मोजतो. टॉरी पाइन्ससमोरील त्याचे तरंगते बोये लाटांची उंची, आवर्तनकाळ व दिशा कळवतात. तळाचा नकाशा वापरून याच नोंदींवरून किनाऱ्यालगत दर १०० मीटरवरील लाट काढली जाते. जेथे घळया आहेत तेथे एवढी बारीक जाळी लागतेच, कारण काही शे मीटरमध्ये लाटेची उंची पालटते.

अंदाजाचे वाचन : ‘१ मी., १६ से., २८५°’ अशी नोंद असली तर लक्षणीय उंची १ मी., दोन माथ्यांमधील वेळ १६ सेकंद आणि लाटा पश्चिमेच्या किंचित उत्तरेकडून येत आहेत, असा अर्थ होतो. यांतील आवर्तनकाळ दुर्लक्षून चालत नाही. खोल पाण्यात १६ सेकंदांच्या लाटेची लांबी सुमारे ४०० मी. असते, ८ सेकंदांच्या लाटेची १०० मी. असते. उंची सारखी असली तरी पहिली दुप्पट शक्ती वाहून आणते आणि किनाऱ्याशी अधिक उंच उठते. लाटेला तिच्या निम्म्या लांबीएवढ्या खोलीवर तळ लागतो; म्हणून घळयांचा परिणाम लांब लाटांवर जास्त होतो. लाटांचा समूह तासाला सुमारे २.८ किमी गुणिले आवर्तनकाळ या वेगाने सरकतो. ९,००० किमी दूरच्या वादळातून १८ सेकंदांच्या लाटा साडेसात दिवसांच्या आत पोहोचतात, १४ सेकंदांच्या लाटांना साडेनऊ दिवस लागतात. त्यामुळे बोयावर प्रथम दीर्घ आवर्तनकाळाच्या, पण लहान लाटा दिसू लागल्या की मोठ्या लाटा मागून येत आहेत, असे समजतात.

बोयाची उंची ही पुळणीवरची उंची नव्हे. बोया सरासरी सांगतो. एखादी लाट तिच्या जवळजवळ दुप्पट असू शकते. उलट घळईच्या तोंडासमोर त्याच वेळी गुडघाभर लाटही नसते. लाटा झुंडीने येत असल्याने पाण्यात उतरण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे काठावरून पाहणे हा अंदाजाचाच शेवटचा भाग मानला जातो.

धोके व संकेत : फुटलेल्या लाटांचे पाणी अरुंद पट्ट्यातून वेगाने समुद्राकडे परतते, ती ओढ म्हणजे ‘रिप करंट’. फ्रान्सिस शेपर्ड व डग्लस इनमन यांनी १९५० मध्ये याच परिसरातील अपवर्तन व किनारी प्रवाह यांचा संबंध दाखवला. ओढीत सापडल्यास तिच्याविरुद्ध न पोहता किनाऱ्याला समांतर बाजूला सरकावे. उथळ वाळूत पाकट दडून बसतात, म्हणून पाय न उचलता घासत चालण्याची रीत आहे. उन्हाळ्यात दक्षिण भागात जमणाऱ्या ठिपक्यांच्या लेपर्ड शार्क माणसाला निरुपद्रवी असतात. पोहण्याचा व सर्फिंगचा भाग जीवरक्षक झेंड्यांनी वेगळा करतात. सर्फिंग मुख्यतः धक्क्याच्या बाजूला चालते. काळ्या गोलाचा पिवळा झेंडा लावलेला असेल, तेथे लाटांचा अंदाज कितीही चांगला असला तरी सर्फबोर्ड घेऊन उतरता येत नाही.