स्टील गिटारचा हलका ॲम्प्लिफायर : वजन, ध्वनी आणि तंत्रज्ञान यांच्या परस्परसंबंधाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

संगीताच्या इतिहासात वादक, रचनाकार आणि वाद्य यांची दखल घेतली जाते; परंतु वाद्याचा आवाज श्रोत्यांपर्यंत नेणाऱ्या उपकरणांचा इतिहास बहुधा उपेक्षित राहतो. विद्युत वाद्यांच्या बाबतीत ही उपेक्षा अधिक खटकते, कारण तेथे ॲम्प्लिफायर हा वाद्याचाच अर्धा भाग असतो. स्टील गिटार हे याचे ठळक उदाहरण होय. या वाद्याला लागणारा ॲम्प्लिफायर प्रथम वजनाने वाढत का गेला आणि पुढे तो हलका कसा झाला, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे. वाद्य मंचावर टिकते ते केवळ रसिकांच्या आवडीमुळे नव्हे, तर ते उचलून नेणे वादकाला शक्य असते म्हणूनही, हे या अभ्यासातून स्पष्ट होते.

विद्युत गिटारचा प्रारंभ

मांडीवर आडवी ठेवलेली गिटार, तारांवरून फिरणारी पोलादी कांब आणि त्यातून निघणारी अखंड मींड ही स्टील गिटारची ओळख होय. हवाई बेटांवरील जोसेफ केकुकू यांना या वादनपद्धतीच्या जनकत्वाचे श्रेय सामान्यतः दिले जाते. १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी ही पद्धती विकसित केली. सॅन फ्रान्सिस्को येथे १९१५ साली भरलेल्या पनामा-पॅसिफिक प्रदर्शनानंतर हवाईयन संगीताची लाट अमेरिकाभर पसरली. मात्र नृत्यगृहातील मोठ्या वाद्यवृंदात या वाद्याचा नाजूक आवाज बुडून जाई. धातूच्या तबकड्यांनी नाद वाढविणारी रेझोनेटर गिटार १९२७ च्या सुमारास आली, तरीही प्रश्न पुरता सुटला नाही.

तो सुटला विद्युत चुंबकीय पिकअपमुळे. जॉर्ज बोशाँ यांनी १९३१ साली नमुना तयार केला आणि ॲडॉल्फ रिकेनबॅकर यांच्या सहभागाने १९३२ पासून ओतीव ॲल्युमिनियमची ‘फ्राइंग पॅन’ ही गिटार बाजारात आली. बाजारात यशस्वी ठरलेली पहिली विद्युत गिटार ही स्टील गिटार होती, ही बाब ऐतिहासिकदृष्ट्या महत्त्वाची आहे. लिओ फेंडर आणि डॉक कॉफमन यांच्या के ॲण्ड एफ या उद्योगानेही १९४५ साली सुरुवात केली ती मांडीवरची स्टील गिटार आणि तिला साजेसा छोटा ॲम्प्लिफायर यांच्या जोडीने. त्या काळचे ॲम्प्लिफायर मोजक्या वॅटचे असत आणि एका हाताने उचलता येत.

वजन का वाढले ?

पेडल स्टील गिटारच्या उदयाने ही परिस्थिती पालटली. पॉल बिग्सबी यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस स्पीडी वेस्ट यांच्यासाठी पेडलयुक्त वाद्य घडविले. बड आयझॅक्स यांनी वेब पिअर्स यांच्या १९५४ च्या ‘स्लोली’ या गीतात वाजत्या तारेचा सूर पेडलने बदलून दाखविला आणि कंट्री संगीतात नवा नाद रुजला. पुढे दहा तारांची रचना प्रमाणभूत ठरली.

या वाद्याच्या तीन गरजा ॲम्प्लिफायरला जड करीत गेल्या. पहिली गरज शक्तीच्या राखीव साठ्याची. वादक पायाखालचे व्हॉल्यूम पेडल अर्धवट दाबून तार छेडतो आणि तारेचे कंपन क्षीण होऊ लागताच पेडल हळूहळू पुढे नेऊन सूर लांबवितो. छेडण्याच्या क्षणीचा आघात विकृत होऊ नये, यासाठी सरासरी आवाजाच्या कितीतरी पट शक्ती हाताशी असावी लागते. दुसरी गरज निर्मळ आवाजाची. रॉक संगीतात विकृत ध्वनी हे सौंदर्य मानले गेले. परंतु स्टील गिटारवर दोन-तीन तारा एकदम वाजतात आणि विकृती झाल्यास त्यांच्या वारंवारतांच्या बेरजा-वजाबाक्यांचे परके सूर उमटून स्वरमेळ गढूळ होतो. तिसरी गरज खर्जाची. सी-सिक्स्थ या मेळातील दहाव्या तारेची वारंवारता सुमारे ६५ हर्ट्झ असते. ती भरदारपणे ऐकू येण्यासाठी १५ इंची स्पीकर आणि प्रशस्त पेटी पसंत केली जाऊ लागली.

फेंडरच्या १९६३ च्या ट्विन रिव्हर्ब या व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरची शक्ती ८५ वॅट आणि वजन सुमारे २९ किलोग्रॅम होते. १९७० च्या दशकात पीव्ही कंपनीने सेशन ४०० हा अर्धवाहकांवर चालणारा, सुमारे २०० वॅटचा आणि १५ इंची स्पीकरचा ॲम्प्लिफायर आणला. त्याने व्हॉल्व्ह आणि निर्गम ट्रान्सफॉर्मर काढून टाकले. परंतु वीजपुरवठ्याचा लोखंडी ट्रान्सफॉर्मर, मोठे हीट सिंक, जड स्पीकर आणि भक्कम लाकडी पेटी कायम राहिली. दुहेरी मानेचे वाद्य पेटीसह ३० किलोग्रॅमच्या आसपास भरते. त्यावर जवळपास तेवढाच ॲम्प्लिफायर, बैठक आणि पेडल हे सारे वादकाने स्वतःच वाहायचे, अशी स्थिती निर्माण झाली. तरुणपणी सहज वाटलेले हे ओझे उतारवयात वादन थांबविण्याचे कारण ठरू शकते.

भारतातील वेगळी वाट

हवाईयन गिटार या नावाने हे वाद्य भारतातही रुजले. मुंबईच्या चित्रपटसंगीतात व्हॅन शिप्ले आणि हजारा सिंग यांनी विद्युत गिटार लोकप्रिय केली. मात्र शास्त्रीय संगीतात ब्रिजभूषण काब्रा आणि पुढे विश्वमोहन भट्ट यांनी पोकळ लाकडी वाद्याचाच विकास केला. चिकारी आणि तरफेच्या तारा यांची अनुनादी आस हीच तेथे सौंदर्याची खूण ठरली आणि आवाज पोहोचविण्याचे काम सभागृहातील ध्वनियंत्रणेकडे राहिले. त्यामुळे वादकाने स्वतःचा जड ॲम्प्लिफायर वाहण्याचा प्रश्न या परंपरेत तितक्या तीव्रतेने उद्भवला नाही. वजनाची समस्या वाद्यापेक्षा वादनाच्या व्यवस्थेतून जन्म घेते, असे यावरून म्हणता येईल.

हलकेपणाचे तीन स्रोत

ॲम्प्लिफायर हलका करणारे महत्त्वाचे शोध वाद्यनिर्मितीच्या क्षेत्राबाहेर लागले, ही या इतिहासातील लक्षणीय बाब होय.

पहिला स्रोत वीजपुरवठ्याचा. घरगुती वीज ५० किंवा ६० हर्ट्झची असते आणि इतक्या कमी वारंवारतेला ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा मोठा लागतो. वारंवारता वाढविली की तेवढ्याच शक्तीसाठी गाभा लहान पुरतो. स्विचिंग पद्धतीच्या वीजपुरवठ्यात विजेची वारंवारता प्रथम हजारो हर्ट्झपर्यंत वाढविली जाते. १९७७ च्या ॲपल-२ या संगणकात ही पद्धती वापरली गेली आणि संगणक उद्योगामुळे ती सर्वत्र स्वस्त झाली.

दुसरा स्रोत ‘क्लास-डी’ ॲम्प्लिफायरचा. येथील ‘डी’ म्हणजे डिजिटल असा समज आढळतो. प्रत्यक्षात ते ए, बी, सी नंतरचे केवळ पुढचे अक्षर आहे. या पद्धतीत ट्रान्झिस्टर पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद असतो आणि स्पंदांच्या रुंदीतून ध्वनीचा आकार घडतो. उष्णतेत होणारा अपव्यय घटून कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या आसपास जाते आणि जड हीट सिंकची गरज उरत नाही. ब्रिटनमधील सिंक्लेअर यांनी १९६४ साली एक्स-१० हा असा संच विकला. परंतु त्या काळचे ट्रान्झिस्टर या कामास अपुरे होते. वेगवान मॉसफेट उपलब्ध झाल्यावरच ही कल्पना खऱ्या अर्थाने फळास आली.

तिसरा स्रोत चुंबकाचा. निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांचे चुंबक १९८० च्या दशकाच्या प्रारंभी जपानमधील सुमितोमो आणि अमेरिकेतील जनरल मोटर्स येथे स्वतंत्रपणे विकसित झाले. संगणकाच्या हार्ड डिस्कसारख्या उपयोगांमुळे त्यांचे उत्पादन वाढले. फेराइटपेक्षा कित्येक पट प्रबळ असलेल्या या चुंबकामुळे स्पीकरचे वजन बरेच उतरले. मात्र चीनच्या निर्यात निर्बंधांमुळे २०१०-११ मध्ये त्यांच्या किमती भडकल्या आणि हलकेपणा हा जागतिक खनिज राजकारणाशीही बांधलेला आहे, हे दिसून आले.

वैयक्तिक कारागिरांची भूमिका

हे घटक एकत्र आणण्यात लहान निर्मात्यांनी पुढाकार घेतला. वॉल्टर वुड्स यांनी १९७० च्या दशकातच बासवादकांसाठी हातात मावतील असे शक्तिशाली ॲम्प्लिफायर घडविले. पॅट क्विल्टर यांनी २०११ साली स्थापन केलेल्या क्विल्टर लॅब्जने स्टील गिटार वादकांचाही स्वतंत्र विचार केला. वादकाच्या मागणीनुसार ॲम्प्लिफायर बांधणारा कारागीर साधारणतः तयार क्लास-डी मोड्यूल घेतो आणि ध्वनीचा पोत ठरविणारा प्रारंभिक टप्पा स्वतः घडवितो. स्विचिंगचा खरखराट नाजूक पिकअपच्या मार्गात शिरू नये म्हणून हे दोन भाग दूर ठेवून धातूच्या आवरणाने वेगळे करावे लागतात. पेटीसाठी पातळ प्लायवूड वापरले तर आतून आधारपट्ट्या द्याव्या लागतात. अन्यथा खर्जाच्या सुरांना फळ्याच थरथरू लागतात.

यात एक हिशेब निर्णायक ठरतो. शक्ती दुप्पट केली तरी आवाज केवळ ३ डेसिबेलने वाढतो. म्हणून १०० वॅटचे २०० वॅट करण्याऐवजी ३ डेसिबेलने अधिक संवेदनक्षम स्पीकर निवडल्यास तोच परिणाम साधतो. स्पीकर आणि ॲम्प्लिफायर वेगवेगळ्या पेट्यांत ठेवल्यास ओझे दोन खेपांत विभागता येते, हाही एक साधा पण परिणामकारक उपाय होय.

समारोप

या स्थित्यंतराची दुसरी बाजूही नोंदविणे आवश्यक आहे. १९६३ चा व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर आजही डाग देण्याची इस्त्री आणि सुटे भाग यांच्या साहाय्याने दुरुस्त होऊ शकतो. नव्या मोड्यूलमधील सूक्ष्म घटक सहसा दुरुस्त केले जात नाहीत, पूर्ण मोड्यूलच बदलले जाते. आणि त्याचे उत्पादन थांबले तर उपकरण निरुपयोगी होण्याची भीती असते. जड ॲम्प्लिफायर वादकाच्या पाठीवर भार टाकत होता. हलका ॲम्प्लिफायर तो भार दूरच्या कारखान्यावरील अवलंबित्वाच्या रूपाने टाकतो. म्हणूनच मोड्यूल सहज बदलता येईल अशी मोकळी रचना करणारा कारागीर हा या परंपरेचा खरा वारसदार ठरतो. वयोवृद्ध वादकाला मंचावर परतणे शक्य व्हावे आणि त्याचे साधन पुढच्या पिढीच्या हाती दुरुस्तीयोग्य अवस्थेत पोहोचावे, या दोन्ही अपेक्षा पूर्ण करणारी रचनाच टिकाऊ म्हणता येईल.